दगडू आणि पेत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एका बारशाचा प्रसंग आहे. मूल आठ दिवसांचे झाले आहे, सुंतेचा दिवस आहे, शेजारीपाजारी आणि नातलग जमले आहेत. बाळाचा बाप जखऱ्या हा याजक, म्हणजे पुरोहित. उतारवयात घरी पाळणा हलला म्हणून सगळेच आनंदात आहेत. नाव काय ठेवायचे हेही मंडळींनी परस्पर ठरवून टाकले आहे : बापाचेच, जखऱ्या. आई अलीशिबा मात्र ठामपणे सांगते, याचे नाव योहान. झाले! नातलगांची कुजबुज सुरू होते. तुमच्या अख्ख्या घराण्यात या नावाचे कोणी आहे का? आईचे कोणी ऐकेना, तेव्हा सगळे बापाकडे वळतात. बाप तर गेले कित्येक महिने मुका. देवदूताच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेलेली. तो खुणेने पाटी मागवतो आणि तिच्यावर मुलाचे नाव योहान असल्याचे लिहून देतो. त्याच क्षणी त्याची जीभ मोकळी होते.

आपल्याकडच्या बारशाच्या घरात बसल्यासारखे वाटते ना? आत्याला एक नाव हवे, आजीला दुसरे, आणि जिने नऊ महिने पोटात वाढवले तिला विचारायचे सर्वांत शेवटी. पण या गोष्टीत आणखी काही आहे. योहान या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवाने कृपा केली’. हे नाव घराण्याच्या खात्यातून काढलेले नाही, ते वरून आलेले आहे. कुराणात याच मुलाचे नाव याह्या, आणि ‘मरियम’ या सूरेत असा उल्लेख आहे की, या आधी हे नाव कोणालाही दिले गेले नव्हते. दोन धर्मग्रंथ, दोन भाषा, पण मुद्दा तोच. काही नावे वारसाहक्काने मिळत नाहीत.

आज मला बोलायचे आहे ते ख्रिस्ती श्रद्धेत नावाला असलेल्या स्थानाविषयी. मी ख्रिस्ती नाही. मुसलमान घरात जन्मलो आणि मराठीत कविता लिहितो. तरी या विषयाशी माझे जुने नाते आहे, कारण अर्धीअधिक नावे आमची सामाईक आहेत. आमचा युसूफ त्यांचा योसेफ, आमचा दाऊद त्यांचा दावीद, सुलेमान तो शलमोन, अयूब तो ईयोब, आणि मरियम ती मरिया. उच्चार बदलला की माणूस परका वाटू लागतो. मूळ नाव एकच असते.

बायबलचा जुना करार वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तिथे नाव म्हणजे चिठ्ठी चिकटवणे नव्हे. नावात गोष्ट असते. नव्वदीच्या सारेला मूल होणार असे कळल्यावर तिला हसू फुटले, म्हणून मुलाचे नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. पाण्यातून काढला म्हणून मोशे. राहेल बाळंतपणात मरणाच्या दारी होती. तिने मुलाचे नाव ठेवले बेनओनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’. बापाने ते बदलून बन्यामीन केले, ‘उजव्या हाताचा पुत्र’. बायकोचे शेवटचे शब्द खोडताना त्याच्या मनात काय आले असेल, यावर ग्रंथ काही बोलत नाही. पण जन्मभर त्या मुलाला आईच्या मरणाच्या नावाने हाक मारायची नाही, एवढे त्या बापाने पाहिले.

हाच बाप म्हणजे याकोब. त्याच्या स्वतःच्या नावाची गोष्ट मला सगळ्यांत खोल वाटते. याकोब म्हणजे टाच धरणारा. जुळ्या भावाची टाच धरून तो जन्मला, आणि पुढे त्याने त्या भावाला फसवले. आंधळ्या बापाचा आशीर्वाद मिळवण्यासाठी तो पुढे झाला, बापाने विचारले तू कोण, तेव्हा याने भावाचे नाव सांगितले. त्यानंतर वीस वर्षे तो परमुलखात राहिला. परत येताना एका रात्री नदीकाठी एक अनोळखी पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजला. याकोब त्याला म्हणाला की आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. त्यावर त्या पुरुषाने एकच विचारले, तुझे नाव काय? आशीर्वादाआधी नाव विचारले जाण्याची ही याकोबच्या आयुष्यातली दुसरी वेळ. या वेळी तो आपले खरे नाव सांगतो. मग त्याला नवे नाव मिळते, इस्राएल, ‘देवाशी झुंजणारा’. आधी खरे नाव कबूल करायचे, मग नवे मिळते. मात्र याकोबने उलट त्याचे नाव विचारले तेव्हा त्या पुरुषाने ते सांगितले नाही.

देवाचे नाव हा तर वेगळाच प्रांत. जळत्या झुडपापाशी मोशेने ते विचारले, तेव्हा जे उत्तर मिळाले ते नाव कमी आणि असण्याची ग्वाही जास्त. त्या हिब्रू नावाची चार अक्षरे आहेत. यहुदी लोक ती लिहितात, पण उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी ‘प्रभू’ अशा अर्थाचा दुसरा शब्द म्हणतात. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आणि घ्यावेच लागले तर उखाण्यात गुंफणाऱ्या आयाबायांच्या मुलखात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आदर खूप झाला की नाव ओठांवर येत नाही.

आणि हे सगळे मागे असताना नव्या करारात येते ते येशूचे नाव. ते नाव अगदी साधे होते. आपण ते एवढ्या उंचावर पाहतो की, त्या काळच्या पॅलेस्टाईनमध्ये ते घरोघर असणारे नाव होते हे विसरतो. हिब्रूत येहोशुआ, त्याचे आटोपशीर रूप येशुआ. जुन्या करारातला मोशेचा वारस यहोशवा याचेही नाव तेच. अर्थ, ‘परमेश्वर तारतो’. इतके येशू असल्यामुळेच ‘नासरेथचा’ असे गावाचे नाव जोडावे लागे, जसे आपण पेणकर, रोहेकर, वाईकर म्हणतो. पिलाताने ज्या दरोडेखोराला सोडून दिले त्या बरब्बाचे नावही मत्तयच्या काही जुन्या हस्तलिखितांत ‘येशू बरब्बा’ असे आढळते. बरब्बा याचा अर्थ बापाचा मुलगा. म्हणजे जमावापुढे त्या दिवशी दोन येशू उभे होते, आणि जमावाने निवड केली.

‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. ती पदवी आहे. हिब्रू मशीह, ग्रीक ख्रिस्तोस, अरबी मसीह; अर्थ ‘अभिषिक्त’. कुराणातही ईसाला मसीह म्हटले आहे. येशूचे नाव भाषाभाषांतून फिरत आपल्याकडे आले, तेव्हा प्रत्येक उताराला थोडे झिजले, थोडे घडले. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले. त्यात पोर्तुगीज वळणाचा ‘जेजू’ आहे. आणि त्याच ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. जेजू आणि वैकुंठ एकाच ओवीछंदात नांदले, कोणाचे काही बिघडले नाही.

आता शीर्षकातल्या दोघांकडे येतो. गालीलच्या सरोवरावर मासे धरणारा शिमोन येशूला भेटला, तेव्हा येशूने त्याला नवे नाव दिले. अरामी भाषेत केफा, ग्रीकमध्ये पेत्रोस, मराठी बायबलात पेत्र. अर्थ खडक, धोंडा. आपल्याकडे दगडू, धोंडू, धोंडिबा ही नावे कशी पडतात ते सर्वांना ठाऊक आहे. एकदोन लेकरे गेली की पुढच्याला असे नाव द्यायचे, की काळाला ते उचलून न्यावेसे वाटू नये. दगडू, कचरू, केरबा, भिका. काही वस्त्यांमध्ये मात्र कारण वेगळे होते. तिथे चांगले नाव ठेवण्याची मुभाच नव्हती. पाटलाच्या मुलाचे नाव येसकराच्या मुलाला ठेवले तर गावाच्या कपाळाला आठ्या पडत. म्हणजे दगडू हे नाव कधी मायेने आले, कधी जरबेने. पेत्र हे नाव शब्दार्थाने तेच, पण त्यामागचा हेतू उलटा : तू पाया होशील.

गंमत अशी की, हे नाव मिळाले तेव्हा शिमोनात खडकासारखे काहीच नव्हते. उतावळा माणूस. येशूला पकडून नेले त्या रात्री विस्तवाशी शेकत बसला असता एका दासीने हटकले, तर त्याने तीनदा ओळख नाकारली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असेच म्हणायचे. नंतरची गोष्ट फार सुंदर आहे. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो, तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिन्ही वेळा हाक मारतो ती जुन्याच नावाने, शिमोन. ‘पेत्र’ असे एकदाही म्हणत नाही. ही मला शिक्षा वाटत नाही. मोठ्या नावाचे ओझे क्षणभर उतरवून ठेवल्यासारखे वाटते.

पुढे याच गादीवर बसणाऱ्या पोपनी नवे नाव घेण्याची प्रथा पडली. 533 मध्ये निवडून आलेल्या पोपचे मूळ नाव मर्क्युरियस होते, रोमन देवाचे. त्याने योहान हे नाव घेतले. 2013 मध्ये आलेल्या पोपनी असिसीच्या फ्रान्सिसचे नाव घेतले, जे त्याआधी कोणी घेतले नव्हते. 2025 च्या मे महिन्यात निवडलेले पोप झाले चौदावे लिओ. पेत्र हे नाव मात्र नंतरच्या एकाही पोपने आजवर घेतलेले नाही.

तर मग ख्रिस्ती होण्यासाठी नाव बदललेच पाहिजे का? लोकसमज तसा आहे. शौलाचा पौल झाला, असे आपण सर्रास म्हणतो. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ नीट वाचले तर दिसते की दमास्कसच्या वाटेवरील साक्षात्कारानंतरही बराच काळ त्याला शौलच म्हटले आहे. तेराव्या अध्यायात, सायप्रस बेटावर असताना, त्याला पौलही म्हणत असा उल्लेख येतो. यहुदी घरातले एक नाव, रोमन जगातले दुसरे. आपल्याकडे घरचे बाळू आणि शाळेतले बाळकृष्ण असतात, तसे. आणि या पौलाच्या पत्रांत कोणाकोणाची नावे आहेत? अपुल्लो, जो ग्रीक देव अपोलोवरून. फीबी, हर्मेस, एपफ्रदीत. या शेवटच्या नावात तर आफ्रोदिती ही प्रेमदेवता बसलेली. ही सगळी पहिल्या पिढीची ख्रिस्ती माणसे. नाव बदलून या, असे त्यांना सांगितल्याचा मागमूस त्या पत्रांत नाही.

म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मला त्या यादीच्या शेवटी शोभून दिसते. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नारायण गेला नाही, वामनही गेला नाही, टिळक तर नाहीच. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्याही लक्ष्मीच राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या बाईंचे नाव दुसरे काही असते अशी कल्पनाही मराठी वाचकाला करवत नाही. त्यांच्या मुलाचे नाव देवदत्त. आता मत्तय या हिब्रू नावाचा अर्थ काय? ‘परमेश्वराचे देणे’. म्हणजे देवदत्तच. भाषांतर न करताही नाव ख्रिस्ती होते, ते हे असे.

सगळ्यांचीच वाट अशी नव्हती. काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी 1848 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर नहेम्या हे नाव घेतले, पण नीलकंठही ठेवले. नहेम्या नीलकंठ गोऱ्हे, असा तीन प्रवाहांचा संगम. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेताना पंडिता रमाबाईंच्या नावाला ‘मेरी’ जोडले गेले. ते कागदोपत्री राहिले, महाराष्ट्राच्या तोंडी राहिल्या त्या रमाबाईच.

वसईची कथा निराळी. 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. बाप्तिस्म्याच्या वेळी जो पोर्तुगीज धर्मपिता उभा राहील, त्याचे आडनाव कुटुंबाला मिळे. असे करून बागायतदारांचे आणि कोळ्यांचे गोन्सालविस, रॉड्रिग्ज, परेरा, लोपीस झाले. आडनावे पोर्तुगालची आणि घरातली बोली सामवेदी किंवा वाडवळी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातीतले. ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि 2024 मध्ये गेले. त्यांच्या मराठीचे कौतुक करताना ‘नाव असे असूनही’ हे शब्द काही जणांच्या तोंडून निसटत. ते शब्द मला चांगले परिचयाचे आहेत. कविसंमेलनानंतर एखादे सद्गृहस्थ प्रेमाने हात हातात घेऊन म्हणतात, तुमचे मराठी फार शुद्ध आहे हो! मी आभार मानतो. दुसरे काय करणार?

लोपीस या आडनावाच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे, हे वसईकरांना सांगितले तर ते हसतील. आपल्याकडे लांडगे आहेतच. परेरा म्हणजे नासपतीचे झाड. केरळात याहून जुनी, सिरियाक वळणाची नावे आहेत. जॉर्ज तिथे वर्गीस झाला. जॉर्जचा ग्रीक अर्थ जमीन कसणारा, शेतकरी. ‘अमूल’मागे उभे राहिलेले वर्गीस कुरियन यांचे नावच शेतकरी होते, हे त्यांच्या पाळण्याशी उभ्या असलेल्यांना कुठे ठाऊक होते! ‘चितचोर’मधली येसुदासांची गाणी आपण अजून ऐकतो. येसुदास म्हणजे येशूचा दास. नगरकडचा ख्रिस्तदास, अरबस्तानातला अब्दुल मसीह, सगळे एकाच अर्थाचे सोयरे.

कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात मुलाला ख्रिस्ती नाव द्यावे, आईबाप ऐकत नसतील तर धर्मगुरूने नोंदवहीत एखाद्या संताचे नाव जोडावे, अशी तरतूद होती. 1983 च्या कायद्यात ती सैल झाली. ख्रिस्ती भावनेला परके वाटेल असे नाव नसावे, एवढेच आता अपेक्षित आहे. त्यामुळे आशा, करुणा, आनंद, विश्वास, कृपा यांना दार उघडे आहे. आजही बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईबापांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचाच.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. (शहर आता अहिल्यानगर झाले आहे, बारशी शहरांचीही होतात.) त्या टापूतल्या गावागावांत महार आणि मांग समाजातली माणसे ख्रिस्ती झाली. आडनावे तीच राहिली, गायकवाड, शिंदे, साळवे, वाघमारे. पहिली नावे मात्र बदलली. योहान, शलमोन, रूथ, मार्था, एस्तेर. ज्यांना गावाने कचरू म्हटले त्यांच्या नातवंडांना राजांची आणि संदेष्ट्यांची नावे मिळाली. हे केवढे मोठे वळण होते, ते चांगल्या नावात जन्मलेल्यांना सहज कळणार नाही.

पण नावाला किंमतही मोजावी लागते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. गाव ज्याला जातीने ओळखते, पाणवठ्यावर जातीने वागवते, त्याची जात सरकारी कागदावर धर्मामुळे पुसली जाते. परिणाम असा की कित्येक घरांत नावे दोन झाली. शाळेच्या दाखल्यावर एक, चर्चच्या नोंदवहीत दुसरे. आई एका नावाने हाक मारते आणि मास्तर दुसऱ्या नावाने हजेरी घेतात. याला कोणी लबाडी म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. ज्या दाखल्यावर पोराची फी आणि पुढची नोकरी अवलंबून आहे, तो हातात धरून बसलेल्या बापाला याकोबसारखे खरे नाव सांग म्हणणे सोपे आहे. सांगितल्यावर आशीर्वाद मिळणार आहे का, तेवढे आधी ठरवावे.

येशूने अनेक दाखले सांगितले. पेरणारा, मेंढपाळ, उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी. यांतल्या कोणालाच नाव नाही. नाव आहे ते एका दाखल्यातल्या एका माणसाला, आणि तो आहे भिकारी. श्रीमंताच्या दारात पडलेला, अंगभर फोड, कुत्री येऊन ते चाटत. त्याचे नाव लाजर, ‘देवाने साहाय्य केले’. दुसऱ्या कोणी केलेच नव्हते. आत जांभळी वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडणारा जो श्रीमंत, त्याच्या नावाचा मात्र पत्ता नाही. एरवी जगाच्या वहीत याच्या उलट असते. पुढे लोकांना ही रिकामी जागा राहवली नाही. त्यांनी त्या श्रीमंताला ‘दिवेस’ म्हणायला सुरुवात केली. पण ते काही नाव नव्हे. लॅटिनमध्ये दिवेस म्हणजे श्रीमंत माणूस, एवढेच.